लांडग्याची मुंगी

"कंबर किती आत घ्यायची?" तोंडातल्या टाचण्या न काढताच शिवणबाईंनी विचारलं.

"चार बोटं," समोरची बाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "नाही, पाचच घ्या. हल्ली रोज थोडे थोडे कमी होतायत."

शिवणबाईंनी पँट उलटी करून टेबलावर पसरली. चांगल्या कापडाची, जुन्या घडणीची, उंच माणसाची पँट होती. त्यांनी कंबरेची शिवण बोटानं चाचपली.

"माणूस स्वतः आला असता तर बरं झालं असतं. अंदाजानं घेतलं की एक तर गळते, नाहीतर काचते. मग लोक माझ्या नावानं खडे फोडतात."

"माणूस नाही येऊ शकत."

"मग अंदाजपंचे," असं म्हणून शिवणबाईंनी खडू उचलला आणि रेघ मारली.

धुलाईच्या दुकानाचा एक कोपरा त्यांच्या वाट्याला होता. एक मशीन, एक उंच आरसा, आणि गिऱ्हाइकानं उभं राहायला एक लाकडी पाट. पुढं इस्त्रीची वाफ आणि मागं यांची उसवाउसवी. लोक पाटावर चढून आरशात स्वतःला न्याहाळायचे आणि शिवणबाई खाली गुडघे टेकून त्यांच्या पँटीच्या दुमडीला टाचण्या लावायच्या. माणसांचे चेहरे त्यांच्या फारसे लक्षात राहायचे नाहीत. पाय मात्र राहायचे. साठी उलटली तरी गुडघे अजून चाकरी करत होते आणि शिवणबाईंचं कोणाकडे काही मागणं नव्हतं.

रेघ मारून झाली तरी बाई हलेना. पांढरे केस नीट बांधलेले, अंगात साधा कोट, पायांत नाडीचे कापडी बूट. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्हीच मुंगी ना?"

खडू हातातच राहिला.

"मुंग्या पुष्कळ आहेत इथं. काल साखर सांडली होती," शिवणबाई म्हणाल्या. पण कित्येक वर्षांत त्या नावानं त्यांना कोणी हाक मारली नव्हती, आणि चेष्टा जमली नाही हे दोघींनाही कळलं.

"मी लांडग्याची मुलगी," बाई म्हणाली. "खरी मुलगी. स्टुडिओतल्या कपडेपटात चौकशी केली. तिथं एक म्हातारी म्हणाली, ती पोर ना, ती धुलाईवाल्याकडे उसवाउसवी करते."

एके काळी लांडगा येतोय म्हटलं की पोरंटोरं मुकाट्यानं जेवायला बसत. हे नाव त्याला प्रेक्षकांनीच दिलं होतं. पडद्यावर त्यानं किती गळे दाबले, किती घरं पेटवली, याला गणती नाही. त्याला कधी आरडाओरडा करावा लागला नाही. तो डोळे बारीक करून नुसता बघायचा आणि हळूच शिट्टी वाजवायचा. तेवढ्यानं थिएटरातल्या दांडग्या माणसांचीही पाचावर धारण बसायची.

अशा माणसाला एका दिग्दर्शकानं बाप केला. काय डोक्यात आलं कोण जाणे. रेल्वे फाटकाचा रखवालदार, बायको गेलेली, घरात सहा वर्षांची पोर. रोज सकाळी तो पायरीशी बसायचा, पोरीचा पाय गुडघ्यावर घ्यायचा आणि तिच्या बुटाची नाडी बांधायचा.

"कुठं चाललीस, मुंगे?"

"लांब."

"परत कधी येशील?"

"तुम्ही शिट्टी वाजवाल तेव्हा."

मग तो शिट्टी वाजवायचा आणि पोर, असेल तिथून, धावत यायची. तीच शिट्टी, ज्या शिट्टीनं लोकांची झोप उडायची. शेवटी नातेवाईक पोरीला कायमची घेऊन जातात. फाटकवाला पायरीवर बसून शिट्टी वाजवत राहतो. कोणी येत नाही. सिनेमा संपतो.

तो सिनेमा आठवड्यातच गुंडाळला गेला. मुंगीला आईनं दाखवायला नेलं होतं. पडद्यावर लांडग्यानं नाडीला हात घातला आणि मागच्या रांगेतून एक जण जिवाच्या आकांतानं ओरडला, "पळ पोरी, पळ!" सगळं थिएटर हसलं, पण त्या हसण्यात भीती होती. आता हा खरे रंग दाखवील, मग दाखवील, अशी लोकांनी शेवटपर्यंत वाट पाहिली. त्यानं पोरीच्या केसालाही धक्का लावला नाही. तेव्हा फसवणूक झाल्यासारखी तोंडं करून माणसं उठली. अख्ख्या थिएटरात त्या बापावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्याचे पाय अजून खुर्चीवरून जमिनीला पोचत नव्हते.

शिवणबाईंचा स्वतःचा बाप त्यांना आठवतही नव्हता. आई होती. पुढं नवरा आला, संसार झाला, नवरा गेला. चारचौघींसारखंच सगळं. पण ती सहा वर्षांची पोर त्यांच्या पाठीमागून कधी गेलीच नाही. दुपारी दुकान रिकामं असलं की आरशाच्या कडेला काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, वळून पाहावं तर कोणी नसायचं. रस्त्यात कोणी शिट्टी वाजवली की मशीनवरचा पाय जागच्या जागी थांबायचा. नवऱ्याला वाटायचं, हिच्या पायात गोळे येतात. तो बिचारा रात्री तेल आणून द्यायचा आणि त्या मुकाट्यानं चोळून घ्यायच्या. नाडीचे बूट त्यांनी पुन्हा कधी घातले नाहीत.

आणि एक प्रश्न होता. चित्रीकरणाचे ते बूट मुंगीला लहान होत होते. सांगायची चोरी होती, कारण बूट लहान म्हटलं तर दुसरी पोर आणतील, असं आईनं बजावलं होतं. एकदा नाडी आवळली गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मान वर न करता लांडग्यानं अगदी हळू विचारलं होतं, "घट्ट झालं का गं?" हे वाक्य कागदावर नव्हतं. सिनेमातही नव्हतं, थिएटरात तिनं कान टवकारून ऐकलं होतं. मग ते कधी विचारलं त्यानं? कॅमेरा चालू असताना, की बंद झाल्यावर? चालू असेल तर तो अभिनय होता. बंद असेल तर या जगात एका माणसानं तिला बापासारखं विचारलं होतं. हा प्रश्न घेऊन शिवणबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"बाबा शुश्रूषागृहात आहेत," लेक सांगत होती. "सगळं विसरलेत. आपण नट होतो हेही. तो सिनेमा तेवढा राहिलाय, आणि तो सिनेमा आहे हेच ठाऊक नाही. संध्याकाळ झाली की बागेकडच्या दाराशी जाऊन बसतात. दार लावू देत नाहीत. शिट्टी वाजवतात. दात नाहीत, त्यामुळं वाजत नाही, नुसती हवा येते. मुंगी यायचीय म्हणतात, आणि ती येईपर्यंत घास घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस काढणार नाहीत."

शिवणबाईंनी पँटीची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"मी आठवत नसेन त्यांना," त्या म्हणाल्या. "तेव्हाच नव्हते आठवत."

आणि मग, कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी या परक्या बाईला सांगून टाकली. त्या सिनेमानंतर थोड्याच दिवसांत मुंगीला दुसऱ्या एका सिनेमात गर्दीतलं काम मिळालं होतं. चित्रीकरणात पोरांसाठी जमिनीवर खडूची रेघ मारत, तिच्यापुढं पाऊल टाकायचं नाही. रेघेमागं ती उभी होती. समोर लांडगा होता, पुन्हा आपल्या जुन्या कामावर, एकाची मानगूट धरून. भला मोठा आरसा फुटायचा होता आणि आरसा एकच होता. मोठमोठे पंखे घोंघावत होते. आणि लांडग्यानं शिट्टी वाजवली.

शिट्टी वाजली की धावत जायचं, हे त्या पोरीच्या अंगात भिनलेलं. ती रेघ ओलांडून "बाबा" करत धावली आणि त्याच्या पायांना बिलगली. आरसा फुटला, ऐन वेळी, आणि सगळं वाया गेलं. लांडग्यानं तिला दूर धरलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "ही कोण? काढा हिला."

"नंतर कोणी काम दिलं नाही," शिवणबाई म्हणाल्या. "शॉट घालवणारी पोर म्हणून नाव झालं. केस कुरळे व्हावेत म्हणून आई रात्री चिंध्या बांधायची माझ्या केसांना. त्या दिवशी घरी येऊन तिनं माझे केस कापून टाकले."

"मलाही तेच म्हणतात," लेक म्हणाली. "मी सकाळ-संध्याकाळ जाते, अंग पुसते, कपडे बदलते. रोज माझ्याकडं बघून नर्सला विचारतात, ही कोण? काढा हिला."

शिवणबाईंनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं.

"उद्या येते," त्या म्हणाल्या.

परोपकार म्हणून त्या निघाल्या नव्हत्या, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. लेकीचं दुःख पाहून वाईट वाटलं हे खरं, पण मनातली हाव त्याहून मोठी होती. मरणाआधी त्या माणसाच्या तोंडून एकदा "मुंगे" ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान लवकर आवरलं, ठेवणीतला झगा घातला, आणि केस विंचरताना आरशात पाहायचं टाळलं. त्यांच्या खांद्यामागं कोणीतरी टाचा उंच करून उभं आहे, असं सारखं वाटत होतं.

शुश्रूषागृहाची खोली स्वच्छ होती. एक पलंग, औषधांचं कपाट, आणि मागं बागेत उघडणारं दार. दाराशी बुटक्या स्टुलावर लांडगा बसला होता. तो पहाडासारखा माणूस आता हाडांवर कपडे वाळत घातल्यासारखा दिसत होता. हात मात्र तेच होते, मोठे, पंज्यासारखे.

"बाबा," लेक म्हणाली, "बघा कोण आलंय. मुंगी आलीय."

त्यानं मान वळवली. डोळे बारीक केले. तीच नजर, जिला सगळे टरकायचे. त्या नजरेनं शिवणबाईंना केसांपासून पायांपर्यंत पाहिलं.

"ही कोण?" तो म्हणाला. "काढा हिला."

शिवणबाई मागच्या मागं निघाल्या. एक चप्पल आत राहिली, तेही त्यांना कळलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांना एकदम हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. आयुष्यभर जपून ठेवलेलं काय, तर हे. तेच शब्द, त्याच चालीत.

लेक चप्पल घेऊन मागोमाग आली. "माझंच चुकलं. माफ करा. त्यांना दिसतही नाही हो. पूर्वीपासूनच. हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धूसर. चष्मा लावून कोणी खलनायक होतो का, म्हणून स्टुडिओत कधी लावला नाही. लोक म्हणायचे, काय ती नजर! कसली नजर? समोर कोण आहे ते दिसावं म्हणून डोळे बारीक करायचे बिचारे. आता चष्मा दिला तर फेकून देतात."

शिवणबाईंनी डोळे पुसता पुसता हात थांबवला.

"काय म्हणालात?"

"दिसत नाही त्यांना. तेव्हाही नव्हतं दिसत."

म्हणजे त्या दिवशी आरशाच्या काचांमध्ये त्यानं डोळे बारीक केले, ते रागानं नव्हे. त्याला कोणीतरी एक पोर दिसली होती, धुरकट. पंख्यांच्या घोंघाटात "बाबा" ऐकूच गेलं नसेल. मुंगीचा चेहरा त्यानं कधी नीट पाहिलाच नव्हता. त्याला जवळून दिसायचा तो गुडघ्यावर ठेवलेला एक पाय, सुटलेली नाडी आणि खाली घातलेली मान. एवढीच त्याची मुंगी. गिऱ्हाइकांना पायांवरून ओळखणाऱ्या शिवणबाईंना हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको होतं.

त्या उठल्या. "तोंड दाखवलं, तिथं चुकलं. बागेतून जायला हवं. पायरीवर बसायचं, मान खाली, पाय त्यांच्या गुडघ्यावर. नाडीचा बूट हवा पण."

"माझे घ्या," लेक म्हणाली आणि तिथंच वाकून बूट काढायला लागली.

बूट शिवणबाईंना बेतून केल्यासारखे बसले. इतक्या वर्षांनी पायांत नाडीचे बूट आले होते. त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली आणि वळसा घालून बागेत गेल्या. मागच्या दारापर्यंत फरशीची वाट होती. दारातून हवेचा आवाज येत होता, फूऽ, फूऽ, थांबून थांबून. पाय आपोआप त्या दिशेला वळले. चार पावलं टाकली की झालं. आत्ता तो म्हणेल, मुंगे. त्यांनी मागं वळून पाहिलं.

लेक अनवाणी उभी होती. हातात शिवणबाईंच्या चपला, दोन्ही हातांनी छातीशी धरलेल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसती वाट पाहण्याची सवय होती.

"तुम्ही पाहिला होता तो सिनेमा?" शिवणबाईंनी हळूच विचारलं.

"हो. मी आठ वर्षांची होते. बाल्कनीत आईशेजारी. खाली कोणीतरी ओरडलं, पळ पोरी म्हणून. सगळे हसले." ती थांबली. "मला तुमचा इतका राग आला होता! घरी बाबा बोलायचेच नाहीत. तोंड धुवून पेपर घेऊन बसायचे. त्यांना असं बोलता येतं, हे मला तिथं तिकीट काढून कळलं."

आतून पुन्हा फूऽ आलं. शिवणबाई तिथंच उभ्या राहिल्या. मनातली हाव म्हणत होती, जा, तुझंच आहे हे, तू वाट पाहिलीस. आणि त्या म्हणत होत्या, वाट हिनंही पाहिली. हिला तर कॅमेऱ्यासमोरचंही मिळालं नाही. मग त्या वाटेच्या कडेला बसल्या आणि बूट काढले. काढताना वाईट वाटत होतं, फार वाईट.

"घाला. तुम्ही जा."

"मी? मला ओळखत नाहीत ते."

"मला तरी कुठं ओळखतात? तोंड वर करायचंच नाही. कुठं चाललीस विचारतील. लांब, म्हणायचं. परत कधी येशील म्हणतील. तुम्ही शिट्टी वाजवाल तेव्हा, म्हणायचं. बास."

"मला अभिनय नाही येत हो."

"मला तरी कुठं येत होता?" शिवणबाई म्हणाल्या आणि तिला पाठीवर हात ठेवून अलगद पुढं केलं, अगदी तसंच, जसं रेघेवरून कोणीतरी त्यांना पुढं करत असे.

लेक पायरीवर बसली. मान खाली घातली. घाबरत घाबरत पाय उचलून तिनं म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला. हवेचा आवाज थांबला.

शिवणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या अनवाणी पायांपुढं फरशीची कड होती आणि त्यापलीकडं पायरी. ते दोन मोठे हात हळूहळू खाली आले, बूट चाचपडला, नाडी सापडली.

"कुठं चाललीस, मुंगे?"

आवाज फाटका होता, पण त्याचाच होता. शिवणबाईंनी भिंत घट्ट धरली.

"लांब," लेक म्हणाली.

"परत कधी येशील?"

लेकीला पुढचं येईना. शब्द तिला सांगितले होते, पण मान खाली घातलेली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याचे थेंब त्याच्या हातावर पडत होते. शिवणबाईंच्या ओठांवर वाक्य आलं होतं. नुसतं म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं. त्यांनी ओठ मिटले.

म्हाताऱ्याचे हात थांबले. ओला झालेला हात त्यानं क्षणभर तसाच धरला. मग बोटं नाडीखाली घालून त्यानं गाठ जराशी सैल केली.

"घट्ट झालं का गं?"

हे लेकीला कोणी सांगितलं नव्हतं. आसपास कुठं कॅमेरा नव्हता, दिवे नव्हते, पंखे नव्हते. एक बाग होती आणि एक म्हातारा होता.

"नाही, बाबा," लेक म्हणाली.

त्यानं नाडीला दुहेरी गाठ मारली. बुटावर दोन थापट्या मारल्या, झालं, या अर्थानं. मग तोंड वर करून, बागेकडं बघत, त्यानं ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. फूऽ.

शिवणबाईंचं पाऊल उचललं गेलं. त्यांनी ते फरशीच्या कडेच्या अलीकडं, होतं तिथंच परत ठेवलं.